बरणीला आलेला घाम

बरणीच्या काचेवर घाम आला होता, आणि तो आतल्या बाजूने होता.

चकतीबाईने फडक्याने काच बाहेरून पुसली. घाम तिथेच. पुन्हा पुसली, जोर लावून पुसली. तरी तिथेच. मग ती बरणी खिडकीपाशी उजेडात घेऊन गेली आणि चष्मा कपाळावर चढवून, काचेला नाक लावून बघत राहिली. झाकणाच्या खाली पाण्याचे बारीक थेंब दाटीवाटीने बसले होते आणि त्यातला एक तिच्या देखत ओघळून खालच्या नासपतीच्या चकतीवर पडला.

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. आठ वाजता गिर्यारोहकांची गाडी सुटणार होती. नऊ माणसं, बारा दिवस, आणि त्या नऊजणांच्या पाठपिशव्यांत याच खेपेची नासपती, अंजीर-सफरचंदाच्या पाकिटांबरोबर, कालच जाऊन पडली होती.

वाळवलेल्या फळाचं एक असतं. ड्रायरमधून काढलं की लगेच पाकिटात भरायचं नाही. एखादी चकती जास्त सुकते, एखादी कमी. सगळ्या काचेच्या बरणीत भरायच्या, झाकण लावायचं आणि आठ दिवस रोज हलवायच्या. ओली चकती आपली ओल कोरडीला देते आणि सगळ्या सारख्या होतात. आणि काचेला घाम आला, तर समजायचं की माल अजून कच्चा आहे, परत ड्रायरमध्ये घालायचा. हा आठ दिवसांचा नियम चकतीबाईने स्वतः घातलेला. एकदा सख्खा भाऊ दारात पिशवी घेऊन उभा राहिला होता, तर त्यालाही तिने सांगितलं होतं, "सहाव्या दिवशी माल मिळत नाही, परवा ये." आणि या खेपेला? या खेपेला गिर्यारोहकांचा वाटाड्या उशिरा आला, हात जोडून म्हणाला, "बाई, तुमच्या हातचंच पाहिजे," आणि बाई फुगली. झालं! नियम गेला चुलीत. नासपती पिकायलाच चार दिवस लागले, मग ड्रायरची आच वाढवली, मग माल थेट पाकिटात. नमुन्यापुरती एक बरणी तेवढी परवा संध्याकाळी भरून ठेवली होती. ती आता घामाघूम होऊन समोर उभी होती.

तिने झाकण काढून एक चकती घेतली आणि सुरीने मधोमध चिरली. वरून छान तांबूस, कडक. आत कडेला कोरडी आणि मध्ये काळपट, ओली, चकाकणारी. आच जास्त झाली की असंच होतं. वरची कातडी आधीच कडक होते, आतलं पाणी कोंडून बसतं. हे तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? दुसऱ्यांना शिकवण्याइतकं ठाऊक होतं.

सवयीने तिने तो तुकडा अंगठा आणि बोटात धरून दाबला.

काही लागलं नाही. बोटांच्या मध्ये तुकडा आहे की पडलाय, हेसुद्धा तिला खाली बघून ठरवावं लागलं.

आता तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? वय झालं, साखर वाढली, बोटं बधिर झाली, हजार जणांची होतात. होतात ना! पण ही बाई बोटांवर जगलेली. लग्नाच्याही आधी ती फळांच्या कारखान्यात लागली होती, वाळवण खात्यात. तिथे बाकी सगळीकडे यंत्रं, पण माल सुकला की नाही हे बायका दाबून सांगायच्या. वीस बायकांत हिची बोटं अशी की मुकादम म्हणायचा, "हिने दाबल्याशिवाय पेटीला खिळा ठोकायचा नाही." बावीस वर्षांची पोरगी, आणि तिच्या मानेच्या इशाऱ्यावर पेट्या बंद व्हायच्या. पुढे कारखान्याला कुलूप लागलं, नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. राहिलं काय? बोटं. त्यांच्याच जोरावर तिने स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत सफरचंद, अंजीर, नासपती वाळवायला सुरुवात केली. शेजारपाजारच्यांनी चकतीबाई नाव पाडलं आणि ते नाव तिच्या खऱ्या नावाच्या डोक्यावर कधी जाऊन बसलं ते कुणाला कळलंही नाही.

सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईने तिच्या बोटांना सुई टोचली आणि विचारलं, "दुखलं?" चकतीबाई म्हणाली, "दुखलं." सपशेल खोटं. डॉक्टरीणबाई काही दूधखुळी नव्हती. तिने चिठ्ठीवर औषध लिहिलं आणि तोंडाने सांगितलं की गरम वस्तूंपासून लांब राहा. त्या दिवसापासून चकतीबाई पातळ पांढरे हातमोजे घालायला लागली. लोक म्हणाले, काय ही स्वच्छता! तिनेही ते कौतुक ठेवून घेतलं. हातमोज्यांच्या आत दोन बोटांवर भाजल्याचे डाग होते, कुठल्या दिवशी भाजलं तेही तिला सांगता आलं नसतं.

बोटं गेली तशी ती कानांवर काम चालवायला लागली. चकती ट्रेवर टाकायची. 'टक्' वाजली की सुकली. सफरचंदाला ही युक्ती पक्की लागू पडते, सुकलेलं सफरचंद मोडतंच. पण नासपती सुकली तरी मऊ, लवचिक राहायला पाहिजे. ती 'टक्' वाजली तेव्हाच खरं तर कान टवकारायला हवे होते. वरची कातडी वाजली आणि बाई फसली. चाळीस वर्षांत कधी केली नव्हती अशी चूक.

"ताई, उठलात एवढ्यात?"

धाकटी जाऊ दारात उभी होती. एकाच घरात वीस वर्षं दोघी. धाकटी फळं धुवायची, सालं काढायची, पाकिटं चिकटवायची. माल दाबून बघायची तिला मनाई. तिने एकदा हौसेने काटा विकत आणला होता, वजन करून सुकण्याचा हिशेब काढायला, तर चकतीबाईने त्यावर महिनाभर मिरच्या वाळत घातल्या. गेल्या आठवड्यात आच वाढवायला सांगितली तेव्हा धाकटी बटणावर हात ठेवून म्हणाली होती, "ताई, जास्त नाही ना होणार?" आणि चकतीबाईने तिला फाडकन सुनावलं होतं, "मला शिकवू नकोस."

चकतीबाईने बरणी मागे घेऊन कपाटात सरकवली.

"झोप झाली. जरा चालून येते."

"पिशवी घेऊन?"

"तुला काय करायचंय?"

पिशवीत तिने सफरचंदाची सात पाकिटं भरली. नऊ हवी होती, पण घरात होती सात. बेत सोपा होता. जायचं, वजनात घोळ झालाय म्हणायचं, नासपती काढून घ्यायची, सफरचंद द्यायचं, घरी यायचं. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. फोनवर सांगितलं असतं तर वाटाड्याने चार प्रश्न विचारले असते. समोर उभं राहिलं की माणूस वयाचा मान ठेवतो, असा तिचा हिशेब होता.

गिर्यारोहकांच्या क्लबच्या अंगणात ती पोचली तेव्हा पावणेआठ होऊन गेले होते. पाठपिशव्या गाडीच्या टपावर चढल्या होत्या. वर ताडपत्री, ताडपत्रीवर दोरी, दोरीला गाठीवर गाठी. वाटाड्या वर चढून शेवटची गाठ आवळत होता. उंच, वाळका, कमी बोलणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी त्याच्या तुकडीतल्या एकाचं पोट वरच्या तळावर बिघडलं होतं. दोन दिवस त्याला खांद्यावर टाकून खाली आणावं लागलं. तेव्हापासून खाण्याच्या बाबतीत तो कुणाचं ऐकत नसे. म्हणून तर तो चकतीबाईकडे आला होता.

"बाई! निरोप द्यायला आलात की काय?"

"नासपतीची पाकिटं परत द्या. वजनात घोळ झालाय. त्याच्याऐवजी हे घ्या."

"कमी भरलं असेल तर असू दे. डोंगरावर कोण तराजू घेऊन बसलंय?"

"कमी नाही, जास्त भरलंय."

"मग सोन्याहून पिवळं!" वाटाड्या हसला. खाली उभी असलेली मंडळीही हसली. चकतीबाईला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. खोटं बोलायची सवय नसली की माणूस असं भलतंच बोलून बसतो.

"तरी काढा."

"आता नाही जमत हो. दुपारच्या आत पायथ्याची चौकी गाठली नाही, तर आजची परवानगी गेली. पिशव्या सोडायच्या, शोधायच्या, परत बांधायच्या, तास जाईल." तो खाली उतरला, तिच्या खांद्याला हलकेच हात लावून म्हणाला, "आल्यावर हिशेब करू," आणि ड्रायव्हरला खूण केली.

इंजिन सुरू झालं. माणसं आत चढायला लागली. अजून एक मिनिट गप्प राहिलं की गाडी जाणार होती. आणि चार दिवसांनी, पिशवीच्या उबेत, बंद पाकिटात, नासपतीला पांढरी केसाळ बुरशी धरणार होती. वर दुकान नाही, डॉक्टर नाही. भुकेला माणूस अंधारात पाकीट फोडून तोंडात टाकतो, बघत बसत नाही.

ती जाऊन गाडीच्या पुढे उभी राहिली.

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. ती हलली नाही. वाटाड्या कपाळाला आठ्या घालून उतरला.

"आत ओल आहे," ती म्हणाली. "नासपतीच्या. बुरशी येईल."

इंजिन बंद झालं. वाटाड्याने तिच्याकडे नीट बघितलं.

"कधी कळलं?"

"आज सकाळी."

"मग आल्या आल्या का नाही सांगितलंत?"

तेवढ्यात फाटकातून धाकटीची स्कूटर आत आली. पायांच्या मध्ये ती घामाने भरलेली बरणी. आली, उट्टं काढायला आली! वीस वर्षांचं साठलेलं आता सगळ्यांच्या समोर बाहेर काढणार.

धाकटीने स्कूटर उभी केली, बरणी उचलली आणि थेट वाटाड्यासमोर जाऊन उभी राहिली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "ताई त्या दिवशी डॉक्टरांकडे गेल्या होत्या. मी घाई केली, आच वाढवली, आणि न दाखवता पाकिटं भरली. त्यांनी बघितलं असतं तर हे झालंच नसतं."

चकतीबाईने हातातली पिशवी खाली ठेवली.

वाटाड्याने बरणी हातात घेतली, फिरवली, परत दिली. त्याच्या कपाळावरच्या आठ्या जरा सैल झाल्या. "म्हणजे नासपतीच तेवढी तुमच्या हातची. अंजीर?"

"अंजीर ताईंनीच बघितलंय."

"स्वतः दाबून?" त्याने चकतीबाईला विचारलं.

"हो," चकतीबाई म्हणाली. आणि ते खरंच होतं. प्रत्येक अंजीर तिने दाबलं होतं.

"मग प्रश्न मिटला. चला रे, ताडपत्री सोडा, नासपती तेवढी काढायची! पटापट!"

पोरं टपावर चढली. गाठी सुटायला लागल्या. सगळं कसं सुरळीत झालं होतं. नासपती परत मिळत होती, नाव शाबूत होतं, वाटाड्या पुढच्या वर्षी पुन्हा आला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त गप्प बसायचं होतं. आणि अंजीर? अंजीर बरं असेलही. कोण जाणे! तेही त्याच आठवड्यातलं, त्याच घाईतलं. बरणीत फक्त तीन दिवस होतं. तिने प्रत्येक अंजीर दाबलं होतं आणि एकाचंही तिला काही लागलं नव्हतं.

वर एक पोरगा नासपतीची पाकिटं मोजत होता. चार, पाच, सहा.

"अंजीरही काढा," चकतीबाई म्हणाली.

"का?" वाटाड्या म्हणाला. "ते तर तुम्ही..."

"ही खोटं बोलतेय. आच मी वाढवायला सांगितली. हिने विचारलं होतं मला, मीच हिला गप्प केलं. आणि अंजीर मी दाबलंय म्हणूनच काढा." तिने दातांनी धरून हातमोजा ओढला. भाजलेली दोन बोटं उघडी पडली. "मला काही लागत नाही यांनी. सहा महिने झाले. मेलीत ही बोटं. मी नुसतं दाबल्यासारखं करते."

टपावरच्या पोरांचेसुद्धा हात थांबले. कुणी हसलं असतं, ओरडलं असतं, तरी बरं वाटलं असतं. वाटाड्या तिच्या बोटांकडे बघत राहिला, मग म्हणाला, "सहा महिन्यांपूर्वी सांगायचं होतं, बाई."

"सांगितलं असतं तर आला असतात माझ्याकडे?"

त्याने विचार केला. प्रामाणिक माणूस. "नसतो आलो," म्हणाला.

सगळं खाली आलं. सफरचंदाची चकती त्याने स्वतः मोडून बघितली, चावली, आणि ती तेवढी ठेवून घेतली. पिशवीतली सात पाकिटंही घेतली. नासपती आणि अंजीर तिच्या पायाशी ढिगाने पडलं. कुणीतरी कोपऱ्यावरच्या दुकानातून बिस्किटांचे पुडे आणायला धावलं. गाडी चाळीस मिनिटं उशिरा सुटली. जाताना वाटाड्याने खिडकीतून हात केला, पण पुढच्या वर्षाचं काही बोलला नाही. ती कशाला फसवून घेईल स्वतःला? तो आता येणार नव्हता. आणि संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गल्लीच्या तोंडापर्यंत पोचणार होती.

स्कूटरवर मागे बसून, मांडीवर पाकिटांचं पोतं धरून ती निम्म्या रस्त्यापर्यंत आली. मग एकदम भडकली.

"तुला कुणी सांगितलं होतं मध्ये तोंड घालायला?"

"मला काय माहीत तुम्ही खरं बोलाल म्हणून! सहा महिने तर बोलला नाहीत."

"म्हणजे? तुला ठाऊक होतं?"

"एका घरात राहतो, ताई. हातमोज्यातून भाजल्याचा वास येत नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर मला स्वयंपाकघराबाहेर काढलं असतंत."

"काढलंच असतं," चकतीबाई म्हणाली. आणि मग तिला रडू फुटलं. अगदी हमसून. धाकटीने स्कूटर थांबवली नाही, नुसती हळू केली. चकतीबाई रडताना कुणी बघितलेलं तिला आवडत नाही, हे ती जाणून होती.

घरी आल्यावर पाकिटं फोडली. अंजिरं चिरून बघितली. निम्मी चांगली होती, निम्मी नव्हती. सगळा माल पुन्हा ट्रेवर पसरला आणि ड्रायर मंद आचेवर लावला. दोन वाजता ट्रे बाहेर ओढायची वेळ झाली. धाकटीने ट्रे ओढला, ओट्यावर ठेवला आणि बाजूला सरकून उभी राहिली, नेहमीसारखी.

चकतीबाई ट्रेकडे बघत बसली. चकत्या वरून सगळ्या सारख्याच दिसत होत्या. ती स्टुलावरून उठलीच नाही.

"घे," ती शेवटी म्हणाली. "दाब तू."

"मी?"

"मग काय शेजारच्यांना बोलावू? मधली घे, कडेची नको. अंगठ्याने नाही गं, बोटाच्या पेराने. हां. काय लागतंय?"

"मऊ लागतंय."

"मऊ म्हणजे काय? मऊ तर लोणीही असतं. नीट सांग."

धाकटीला सांगता येईना. चकतीबाई चिडली, मग थांबली. मग तिने वाळवण खात्यातल्या जुन्या बायकांची खूण सांगितली. ती तिने आजवर नवऱ्यालाही सांगितली नव्हती. "कानाची पाळी असते ना, तशी लागली की नासपती झाली. त्याहून मऊ, तर ओली. त्याहून कडक, तर गेली. आता चकती दाब आणि लगेच आपला कान दाब."

धाकटीने चकती दाबली. मग स्वतःचा कान चाचपला. "माझ्या कानाच्या पाळीत गाठ आहे, ताई. त्याच्यावरून नाही कळत. थांबा, तुमचा बघू."

आणि काही म्हणायच्या आत तिने हात पुढे केला आणि चकतीबाईच्या कानाची पाळी दोन बोटांत धरली.

ते चकतीबाईला लागलं. बोटं गरम होती, साखरेने चिकट होती, आणि दाबताना जरा भीत होती. सगळं तिला लागलं.

"चकती याच्यापेक्षा मऊ आहे," धाकटी म्हणाली.

"फार?"

धाकटीने चकती पुन्हा दाबली, पुन्हा कान दाबला, या खेपेला डोळे मिटून. "फार नाही. थोडी."

"मग अजून दोन तास," चकतीबाई म्हणाली. "आणि हात धुवून ये आधी. सगळा कान चिकट केलास माझा."

पण मान तिने मागे घेतली नाही.